मावशींच्या दीड तासाचा हिशेब

पत्राचा सारांश: सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका लिहितात. वर्ग पहिली ते सातवी, पट १८६. दोन वर्षांपूर्वी त्यांनी शाळेतलं फिनेल आणि अ‍ॅसिड बंद केलं आणि मुलांच्या मदतीने लिंबू-संत्र्याच्या सालींपासून बायोएन्झाइम, म्हणजे साली आंबवून केलेलं सफाईचं द्रव, बनवायला सुरुवात केली. मुलं हौसेने घरून साली आणायची. केंद्रप्रमुखांनी कौतुक केलं, तालुक्याला सादरीकरणही झालं. गेल्या वर्षी आजारपणामुळे बाई अडीच महिने रजेवर होत्या. परत आल्या तेव्हा पिंपातलं मिश्रण नासलेलं, मुतारीला वास आणि कपाटात पुन्हा फिनेलचा कॅन. सफाईला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "फिनेलबिगर वास जात न्हाई, बाई." काही पालकांनीही सांगितलं की फिनेलचा वास आला की शाळा साफ झाल्यासारखी वाटते. बाई लिहितात, "मावशींना कितीदा समजावलं, पण त्यांना बदल नकोच आहे. मे महिन्यात माझी बदली होईल. मी गेले की हे सगळं बुडणार. उपक्रम कायमचा टिकावा म्हणून जाण्याआधी काय करू?"

नमस्कार बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाईट वाटलं, कारण आजारपणातून उठून शाळेत जावं आणि दारातच तो वास यावा, हे किती लागलं असेल ते समजतं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मावशींचं ते एक वाक्य मनात अडकून बसलं. तुम्ही ते हट्ट म्हणून ऐकलंत. मला ती तक्रार वाटली, आणि खरी वाटली. वास जात नव्हताच ना? तुम्हालाही तो आलाच की.

म्हणून उपक्रम कसा टिकवायचा याच्या आधी तो वास कुठून येतो ते बघू.

लघवीत युरिया असतो. तो फरशीवर, सांध्यात, जाळीच्या कडेला साचून राहिला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि नाकाला झोंबतो तो अमोनिया. त्यात तुमच्याकडे बोअरचं क्षारी पाणी. पाण्यातले आणि लघवीतले क्षार मिळून भांड्यावर आणि नाळीत पिवळट, खरखरीत थर बसतो. तो थर स्पंजासारखा वास धरून ठेवतो. वरून फिनेल ओतलं की दोन तास फिनेलचा वास येतो, खाली थर तसाच. बायोएन्झाइम पातळ करून शिंपडलं तरी थर तसाच राहतो, फक्त वर झाकायला फिनेलचा वास नसतो. थोडक्यात, तुमच्या शाळेत फिनेलनेही मुतारी साफ होत नव्हती आणि बायोएन्झाइमनेही नाही. मावशींना तेवढा फरक नाकाने कळत होता, आणि पालकांच्या तक्रारी त्यांनाच ऐकाव्या लागत होत्या.

थर काढायला सौम्य आम्ल, वेळ आणि घासणी लागते. सायट्रिक अ‍ॅसिड, ज्याला किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणतात, त्याचे दोन-तीन मोठे चमचे लिटरभर कोमट पाण्यात विरघळवा. सुट्टीच्या दिवशी भांड्यावर ओता, जुनं फडकं त्यातच भिजवून थरावर चिकटवून ठेवा, अर्ध्या तासाने ताठ ब्रशने घासा. जुना थर एका वेळी जाणार नाही, तीन-चार रविवार लागतील. एकदा तो गेला की रोज फक्त भरपूर पाणी आणि ब्रश पुरतो, आठवड्यातून एकदा लिंबूसत्व. आणखी एक साधी गोष्ट: शाळा भरण्याआधी मुतारी आणि भांडी पाण्याने ओली करून ठेवली की लघवी कोरड्या सिमेंटमध्ये मुरत नाही. मधल्या सुट्टीनंतर लगेच दोन बादल्या पाणी मारलं की निम्मं काम झालं.

आता मावशींकडे वळू.

तुम्ही लिहिलंय की त्या सकाळी नऊला येतात आणि साडेदहाला जातात, आणि त्यांचं मानधन लोकवर्गणीतून दिलं जातं. दीड तास म्हणजे ९० मिनिटं. सात वर्ग, कार्यालय, व्हरांडा, दोन्ही स्वच्छतागृहं, पटांगणाची पुढची बाजू. एका वर्गाला आठ मिनिटं धरली तरी सात वर्गांची ५६ झाली. कार्यालय आणि व्हरांड्याला पंधरा. स्वच्छतागृहांना उरतात वीसेक मिनिटं, त्यातही पाणी बाहेरच्या टाकीतून बादलीने आणायचं असेल तर दहा. दहा मिनिटांत दोन स्वच्छतागृहं घासून होत नाहीत. दहा मिनिटांत फिनेल ओतून होतं.

बाई, फिनेल हा मावशींचा वेळ वाचवण्याचा मार्ग होता. तुम्ही तो काढून घेतलात आणि बदल्यात वेळ दिला नाहीत. तुमचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण "त्यांना बदल नकोच आहे" हे वाक्य तुम्ही मागे घ्यावं असं मला मनापासून वाटतं. तुम्ही त्यांना समजावलंत. विचारलंत का? दोन वर्षांत एकदा तरी खुर्चीवर बसवून, चहा देऊन विचारलंत का, की मावशी, तुम्हाला यात काय जड जातं?

मी हे अधिकाराने बोलत नाही, पश्चात्तापाने बोलते. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचे. एका वर्षी तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे तक्ते लावण्यात गुंतलो होतो. मागच्या बाजूला आमच्या मावशी मुलांचं स्वच्छतागृह घासत होत्या. अ‍ॅसिड टाकून डाग गेला नाही म्हणून त्यांनी त्यावरच ब्लीचिंग पावडर टाकली. मला आधी खोकला ऐकू आला. मग त्या बाहेर आल्या, पदर तोंडावर दाबलेला, डोळ्यांतून पाणी, आणि पायरीवर बसल्या. त्यांना श्वास पुरा घेता येत नव्हता. दवाखान्यात नेलं, बऱ्या झाल्या, पण आवाज कितीतरी दिवस घोगरा होता. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ते मी वर्गात शिकवत होते, फळ्यावर समीकरण लिहून. ज्या बाईच्या हातात त्या दोन वस्तू रोज होत्या, तिला मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या हाताकडेही मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. बोटांच्या पेरांवर भेगा, नखांच्या कडा पांढुरक्या झालेल्या. रात्री खोबरेल लावते, म्हणाल्या.

त्यामुळे पर्यावरणपूरक सफाई म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी ते हात येतात, झाडं आणि नदी नंतर. नदीचंही आहेच, शाळेच्या मोरीचं पाणी शेवटी कुठल्यातरी ओढ्याला जातं. पण रोज ती वाफ नाकात घेणारा माणूस आधी. दुसरा क्रम मुलांचा. वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, फरशीवर मांडी घालून बसतात, तिथेच ताट ठेवून खिचडी खातात. दमा असलेल्या मुलाला उग्र वासाने धाप लागते हे तुम्हीही वर्गात पाहिलं असेल.

आता त्या पिंपाबद्दल. बायोएन्झाइमचं प्रमाण तुम्हाला पाठ असणार: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पहिल्या महिन्यात झाकण रोज थोडं सैल करून वायू सोडावा लागतो. बंद राहिलं तर झाकण उडतं, हवा-माश्या लागल्या तर नासतं. शाळेचं वर्ष या तीन महिन्यांशी जुळतं का, हे कुणी पाहिलं नाही. मार्चमध्ये भरलेला पिंप मे महिन्यात कुणी उघडायचा? बनवायचंच असेल तर शाळा उघडल्यावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भरा, सप्टेंबरमध्ये गाळा. दुसरा घाणा दिवाळीच्या सुट्टीनंतर, तो फेब्रुवारीत तयार होतो. उन्हाळ्यात पिंप रिकामा, धुऊन पालथा.

पण मी विचारते, ते बनवायलाच हवं का? १८६ मुलांच्या शाळेची रोजची सफाई त्यावर चालवायची तर केवढा साठा लागेल! मुलांना आंबवण्याची क्रिया दाखवायला एक बरणी उत्तम आहे, सहावी-सातवीच्या विज्ञानाला तर फारच चांगली. सफाईचा सगळा भार त्या बरणीवर टाकला की एक दिवस बरणी नासते आणि तिच्याबरोबर कल्पनाही नासते. शिवाय घरी बनवलेल्या अशा द्रवाने जंतू मरतातच असं धरून चालू नका. ते साफसफाईचं द्रव आहे, जंतुनाशक नाही. आणि ते आंबट असतं, म्हणजे आम्लधर्मी. ब्लीचिंग पावडरीशी त्याचीही गाठ पडू देऊ नका.

आंबट म्हणजे आणखी एक गोष्ट, जी तुमच्या भागात फार महत्त्वाची आहे. तुमच्या जुन्या वर्गखोल्यांत शहाबादी फरशी आहे, असं तुम्ही पत्राच्या शेवटी ओघात लिहिलंय. शहाबादी हा चुनखडीचा दगड. लिंबू, व्हिनेगर, लिंबूसत्व, बायोएन्झाइम, सगळेच त्याला हळूहळू खातात. फरशी निस्तेज होते, खडबडीत होते, मग तिच्यात धूळ जास्त धरते आणि आपण आणखी घासतो. निसर्गातलं आहे म्हणून ते सगळ्याला चालतं असं नाही. शहाबादीला साधं पाणी, पोतेरं घट्ट पिळलेलं, आणि आठवड्यातून एकदा चमचाभर साधा साबण किंवा रिठ्याचं पाणी. रिठे रात्री भिजवून सकाळी उकळून कुस्करले की फेस येतो, पण ते पाणी तीन-चार दिवसांवर टिकत नाही. डोळ्यांत गेलं तर भयंकर चुरचुरतं, म्हणून लहान मुलांना कुस्करायला देऊ नका.

कोरड्या झाडूने धूळ उठते आणि पुन्हा बाकावर बसते. वर्ग झाडण्याआधी पाण्याचा हलका शिपका मारायची आपली जुनी रीत होती, ती शहाणपणाची होती. त्याहून शहाणपणाचं म्हणजे धूळ आत येऊच न देणं. चपला बाहेर काढायची सवय जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेच. दाराशी पाय पुसायला जाड काथ्याचं पायपुसणं किंवा चक्क दुमडलेलं गोणपाट टाका, आठवड्याला झटका. सात दारांना सात पायपुसणी आली तर मावशींची आठ मिनिटं सहावर येतील. सात वर्गांची चौदा मिनिटं वाचली. ती चौदा मिनिटं स्वच्छतागृहाला द्या. टिकाऊ उपक्रम मला असा दिसतो: कुठून तरी मिनिटं काढायची आणि जिथे कमी पडतात तिथे घालायची.

फिनेल पूर्ण बंद करावं का? रोजच्या वापरातून, हो. पण कपाट रिकामं ठेवू नका. कुणी उलटी केली, जुलाब झाले, रक्त सांडलं, तर तिथे जंतुनाशक हवंच. त्या वेळी "आम्ही केमिकल वापरत नाही" म्हणणं मुलांच्या जिवाशी खेळ आहे. आधी जुन्या कागदाने किंवा चिंधीने घाण उचलायची, मग ब्लीचिंग पावडरचं पाणी. ताज्या पावडरीत साधारण ३० टक्के क्लोरीन असतो, त्यामुळे लिटरभर पाण्यात १५ ते १७ ग्रॅम पावडर टाकली की सांडलेल्या रक्त-उलटीसाठी लागणारं अर्ध्या टक्क्याचं द्रावण होतं. नुसत्या नळाच्या तोट्या, कड्या पुसायच्या तर त्याच्या पाचवा हिस्सा पुरे. त्याच दिवशी बनवायचं, त्याच दिवशी संपवायचं, खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून. पावडरीचं पुडकं उघडं राहिलं की तिचा दम जातो, म्हणून लहान पुडकी घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. अ‍ॅसिड मात्र शाळेच्या आवारातच नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, तरी ते बाटल्यांतून दारोदार विकत मिळतंच. पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेलं अ‍ॅसिड ज्या शाळेत मुलं तहानलेली धावत येतात तिथे असूच नये. "एक अ‍ॅसिड तुम्हीच वापरायला सांगता" असं म्हणाल, तर लिंबूसत्व सौम्य असतं आणि कोरड्या पुडीत मिळतं. तरी डब्यावर नाव हवंच.

पालकांचा मुद्दा हलका घेऊ नका. फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता, हे समीकरण आपल्या दवाखान्यांनी, एसटी स्टँडांनी आणि जाहिरातींनी मिळून पक्कं केलंय. ते भाषणाने मोडणार नाही. पुढच्या पालकसभेला सभा सुरू व्हायच्या आधी पालकांना स्वच्छतागृह दाखवायला न्या, विशेषतः आयांना. थर गेलेलं, कोरडं, वास नसलेलं स्वच्छतागृह एकदा पाहिलं की त्या स्वतःच बोलतील. दुकानात "हर्बल", "नॅचरल" लिहिलेल्या बाटल्यांवरही भरवसा नको. आपल्याकडे पर्यावरणपूरक वस्तूंसाठी इकोमार्क नावाची सरकारी खूण १९९१ पासून आहे, मडक्याच्या चित्राची. मिळालीच अशी बाटली तर घ्या. नाही मिळाली तर साधा साबण, धुण्याचा सोडा आणि लिंबूसत्व एवढ्यावर शाळा चालते. सोडा आणि लिंबूसत्व एकत्र करून फेस काढू नका मात्र. तो फेस दिसायला छान, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हातात खारं पाणी उरतं.

मुलांना यात किती घ्यायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मी काढणार आहे. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, की रजेच्या काळात "काही मुलांकडून" मुतारीत पाणी मारून घेतलं जायचं. कोणती मुलं? हे पाहा, बाई. आपल्या गावांत सफाईचं काम कुणाच्या वाट्याला येतं याला जातीचा इतिहास आहे आणि शाळेतही तो गुपचूप शिरतो. शिक्षा म्हणून मुतारी धुवायला लावणं हे तर शिक्षण हक्क कायद्याच्या सरळ विरुद्ध आहे. आपला वर्ग झाडणं, फळा पुसणं, पायपुसणी झटकणं, हे सगळ्या मुलांनी, मुलगे-मुली दोघांनी, पाळीपाळीने करावं आणि पाळीचा तक्ता भिंतीवर असावा. स्वच्छतागृह घासणं हे पगार घेणाऱ्या मोठ्या माणसाचं काम. ते आम्हीही करतो हे मुलांना दाखवायचं असेल तर महिन्यातून एका शनिवारी तुम्ही आणि गुरुजींनी ब्रश हातात घ्या. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हेच केलं. ब्राह्मण घरातले, शिकलेले, आणि तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून १९३२ मध्ये त्यांनी उपवास केला. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रम काढून सोप्या संडासांचे प्रयोग केले. त्यांची गोष्ट मुलांना सांगा, आणि त्याच दिवशी तुमच्या हातात ब्रश असू द्या.

आता बदलीचं. तुम्ही विचारता, मी गेल्यावर काय? मला वाटतं तुमच्या मनात "उपक्रम" हा शब्द बसलाय. उपक्रम माणसाबरोबर येतो आणि माणसाबरोबर जातो. त्याची फाइल होते, फोटो होतात, सादरीकरण होतं. हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही यांना कुणी उपक्रम म्हणत नाही, म्हणून त्या टिकतात. सफाईलाही त्या रांगेत बसवायचं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २००५ मध्ये शाळांच्या सफाईसाठी कायदा केला तेव्हा शाळांनी कुठली सफाईद्रव्यं विकत घ्यायची, तिथेच हात घातला. २००६ च्या सप्टेंबरपासून तो लागू झाला. खरेदी बदलली की कपाट बदलतं, आणि कपाट बदललं की नवे मुख्याध्यापकही त्याच कपाटातून वस्तू काढतात.

तुमच्याकडे कायदा नाही, पण शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा बनवण्याचं काम कायद्याने तिचं आहे. तिच्या पुढच्या बैठकीत ठराव घ्या: अ‍ॅसिड खरेदी होणार नाही, फिनेल रोजच्या सफाईसाठी खरेदी होणार नाही, या वस्तू इतक्या प्रमाणात दर तिमाहीला घेतल्या जातील, मावशींना हातमोजे आणि गमबूट वर्षातून दोनदा दिले जातील. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात, सह्यांसकट. आराखड्यातही तेच. मग ते तुमचं राहत नाही, समितीचं होतं, आणि समितीची बदली होत नाही.

पैसे आहेत. समग्र शिक्षा योजनेच्या नियमाप्रमाणे १०० ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत संयुक्त अनुदान धरलेलं आहे आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे आहेत. म्हणजे ५,०००. प्रत्यक्ष हातात किती येतं आणि मार्चच्या कुठल्या तारखेला येतं हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. तरीही ब्रश, बादल्या, पायपुसणी, लिंबूसत्व, साबण एवढ्याला ते पुरावेत. फिनेलचे कॅन बंद झाल्यावर वाचणारे पैसे त्यात धरा. मावशींना रोज अर्धा तास जास्त द्यायला हवा, त्याचं मानधन मात्र यातून भागणार नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे जा. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो, आणि ग्रामपंचायतीच्या "आमचं गाव आमचा विकास" आराखड्यात शाळेचं नाव घालायला ग्रामसभेत कुणीतरी उठून बोलावं लागतं. तुमच्या समितीतल्या दोन आया बोलल्या तर तुम्ही बोलण्यापेक्षा जास्त वजन पडेल. एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी शाळेच्या टाकीत पडावं, हेही त्याच सभेत मागा. उन्हाळ्यात पाणीच नसेल तर फिनेलवर बंदी टिकणार नाही, हे मी तुम्हाला आत्ताच सांगते.

बादल्या, लांब दांड्याचे ब्रश, झाकणाचे डबे डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवा. लिंबूसत्व, साबण, सोडा हे साठा नोंदवहीत. हा कंटाळवाणा सल्ला वाटेल. पण चार्ज देता-घेताना नवे मुख्याध्यापक जी एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून तपासतात ती म्हणजे रजिस्टर. त्यात "स्वच्छतागृहाचा ब्रश, लाल दांडा, ४ नग" असं असलं की ते विचारतील, हे कशासाठी? आणि उत्तर द्यायला मावशी तिथे असतील.

लाल दांडा मी मुद्दाम म्हटलं. स्वच्छतागृहाचं सगळं सामान लाल, स्वयंपाकखोलीचं हिरवं, वर्गांचं निळं. मुतारीचं फडकं खिचडीच्या ओट्यावर जाऊ नये याला वाचता येण्याची गरज नको. डब्यांवर नावाबरोबर चित्रही चिकटवा. सहावीच्या मुलांना चित्रं काढायला द्या, त्यांचा हात त्यात लागू दे.

या सगळ्याआधी मात्र मावशींबरोबर एक सकाळ काढा. नऊला या, त्यांच्याबरोबर फिरा, घड्याळ लावा, बादली उचलून बघा किती जड आहे. ठराव लिहाल तेव्हा कुठलं काम आधी, कुठलं आठवड्यातून एकदा, हा क्रम त्यांच्या तोंडून घ्या आणि समितीच्या बैठकीत त्यांना खुर्ची द्या. महिन्याच्या त्या सफाईच्या शनिवारी तो क्रम त्यांनीच नव्या माणसाला दाखवायचा, असं ठरवा. मे महिन्यात तुम्ही जाल, जूनमध्ये कुलूप उघडतील त्या मावशीच. गावच्या आहेत, त्यांची बदली नाही.

आणि तो नासलेला पिंप अजून शाळेच्या मागे असेल तर उघडताना जपा. मुलं घरी गेल्यावर, उघड्यावर नेऊन, तोंड बाजूला ठेवून झाकण हळूहळू सैल करा, आत वायू कोंडलेला असू शकतो. वरची बुरशी काढून खतखड्ड्यात टाका, पाणी दहापट पातळ करून त्याच खड्ड्यावर ओता, झाडांच्या बुंध्याशी नको. पिंप धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा. पावसाचं पाणी साठवायला तो मावशींना लागेल, स्वच्छतागृहाच्या दाराशीच ठेवा.